न बसणारा ताम्रपट

मध्य प्रदेशातल्या सतना जिल्ह्यात खोह नावाचे गाव आहे. तिथे आणि मझगवाँला परिव्राजक कुळातल्या राजांचे ताम्रपट सापडले. महाराज हस्ती आणि त्याच्यानंतरचा महाराज संक्षोभ यांनी दिलेल्या जमिनीच्या या सनदा. प्रत्येकीवर गुप्त शकाचे वर्ष आहे, महिना, पक्ष आणि तिथी आहे, आणि त्याखेरीज वर्षाचे एक नाव आहे. वर्ष १५६, महावैशाख संवत्सर. वर्ष १६३, महाआश्वयुज संवत्सर. वर्ष १९१, महाचैत्र. वर्ष २०९, पुन्हा महाआश्वयुज.

आश्वयुज म्हणजे आपला आश्विन. महिन्यांची बारा नावे वर्षांना दिली आहेत, एवढे उघड होते. गुरूला राशिचक्राची फेरी करायला सुमारे बारा वर्षे लागतात, तेव्हा ही नावे त्याच्या चालीवरून पडली असणार, हेही जाणकारांना ठाऊक होते. पण अमुक वर्षाला अमुकच नाव, हे सनदेचा काळ सांगणाऱ्या ज्योतिष्याने कशावरून ठरवले? त्याची उत्तरे तांब्यावर कोरून राहिली होती. उत्तरापर्यंत पोचण्याची रीत मात्र कुठे कोरलेली नव्हती.

सगळ्यात सोपा नियम कुणालाही सुचेल असा आहे: दर वर्षी एक नाव पुढे. तो बोटांवर तपासून पाहता येतो. १५६ ला वैशाख. १९१ म्हणजे ३५ वर्षांनी. ३६ वर्षांत तीन फेऱ्या पुऱ्या होऊन पुन्हा वैशाख आला असता, म्हणून एक घर अलीकडे, चैत्र. ताम्रपटावरही चैत्रच आहे. २०९ म्हणजे १५६ पासून ५३ वर्षे; ४८ वर्षांत चार फेऱ्या, उरली पाच, वैशाखापासून पाच घरे पुढे आश्विन. ताम्रपटावर आश्वयुजच आहे. आता १६३. वैशाखापासून सात घरे पुढे मार्गशीर्ष येतो. ताम्रपटावर आहे आश्वयुज.

चारातले तीन लेख बसले आणि एक बसला नाही. इथे मोठा मोह आहे. १६३ च्या जागी १७३ वाचले की हाही लेख निमूटपणे रांगेत येतो. कोरणाऱ्याचा हात चुकला असेल, असे म्हणायला कितीसा वेळ लागतो? नियम इतका साधा, इतका देखणा, आणि अडवणूक करणारा एकच तांब्याचा पत्रा.

या पत्र्याला खोटे न ठरवता नियमच बदलायला लावणारा माणूस रत्नागिरी जिल्ह्यातला होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३, गाव दापोली तालुक्यातले मुरूड, हर्णैच्या दक्षिणेचे. महर्षी धोंडो केशव कर्वे याच मुरूडला वाढले; दीक्षित त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. तिकडे रत्नागिरी शहरात १८५६ साली टिळक जन्मले. एका जिल्ह्यातल्या, एका पिढीतल्या या तिघांचाही गणिताशी जवळचा संबंध आला, आणि टिळक-कर्व्यांचे नाव घरोघर गेले. दीक्षितांचे गेले नाही. शिक्षण खात्यात शाळामास्तरकी करत आणि अखेरीस पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत या माणसाने जे काम केले, त्यावर आजही भारतातल्या जुन्या लेखांच्या तारखा उभ्या आहेत.

ज्या काळात दीक्षित या प्रश्नात शिरले, तेव्हा गुप्त शक नेमका कधी सुरू झाला यावरच विद्वानांत मोठा वाद होता. अलेक्झांडर कनिंगहॅम त्याचा आरंभ इसवी सन १६६-६७ च्या सुमाराला नेत होते, एडवर्ड क्लाइव्ह बेली १९० च्या आसपास. अल्बेरूनीने मात्र अकराव्या शतकात लिहून ठेवले होते की हा शक शालिवाहन शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला, म्हणजे ३१९-२०. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जॉन फेथफुल फ्लीट गुप्तांच्या लेखांचा संग्रह सिद्ध करत होते. मंदसोरच्या लेखाने त्यांना अल्बेरूनीच्या बाजूचा भक्कम पुरावा दिला. पण गणिताने पटवायचे तर तिथी आणि वार जुळवून दाखवायला हवेत, आणि ते काम फ्लीट यांच्या हातचे नव्हते. ते दीक्षितांनी केले.

एरणच्या स्तंभावर बुधगुप्ताच्या राज्यातली तारीख आहे: वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. लेखात वार येणे ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट, आणि हिशेब करणाऱ्यासाठी मोलाची. तिथी कुठेही ओढता येते, वार ओढता येत नाही. शक ३१९-२० चा धरला तर ही तिथी इसवी सन ४८४ च्या २१ जूनला पडते, आणि तो दिवस गुरुवार होता. दीक्षितांनी असे हिशेब केरो लक्ष्मण छत्रे यांच्या 'ग्रहसाधनाची कोष्टके' या १८६० च्या मराठी पुस्तकाच्या आधाराने केले, आणि ती रीत १८८७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून कुणालाही करता येईल अशी मांडली. केरूनाना छत्र्यांचे पुस्तक हातात आणि बेरीज-वजाबाकी पक्की, एवढ्या भांडवलावर इंग्लंड-जर्मनीतल्या पंडितांना तारखा मिळू लागल्या. या गोष्टीचा मला फार अभिमान वाटतो.

मग ते गुरूकडे वळले. दीक्षितांना सापडलेला नियम असा. वर्षाचे नाव गुरूच्या सरासरी चालीवर ठरत नाही, त्याच्या उदयावर ठरते. ज्या घरात लग्नाचे मुहूर्त पाहिले जातात तिथे गुरूचा अस्त माहीत असतो. सूर्य गुरूच्या जवळ आला की काही आठवडे गुरू दिसेनासा होतो, आणि मग एके दिवशी पहाटे पूर्वेला, सूर्योदयाच्या आधी, पुन्हा दिसतो. तो ज्या नक्षत्रात दिसला, त्या नक्षत्राच्या महिन्याचे नाव पुढच्या संवत्सराला. कृत्तिका-रोहिणीत उगवला तर कार्तिक, मृग-आर्द्रेत उगवला तर मार्गशीर्ष, असे दोन दोन नक्षत्रांचे गट. फाल्गुन, भाद्रपद आणि आश्विन या तिघांच्या वाट्याला मात्र तीन तीन. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ही वाटणी दिलेली आहे. ती वाचणारे पुष्कळ होते. राजांच्या कारभारात तीच चालत होती, हे लेखांवर ताडून दाखवणारे दीक्षित पहिले.

या नियमाने काय बदलते? गुरूचे दोन उदय बरोबर वर्षाच्या अंतराने होत नाहीत. मध्ये सरासरी ३९९ दिवस जातात, म्हणजे वर्ष आणि वर महिनाभर. बारा वर्षांत त्यामुळे उदय होतात अकराच, आणि नावे बारा. प्रत्येक फेरीत एखादे नाव गळते. पंचांगात क्षयमास येतो तसा हा क्षयसंवत्सर.

आता तो न बसणारा ताम्रपट पुन्हा घ्या. १५६ ची सनद कार्तिक शुद्ध तृतीयेची, म्हणजे इसवी सन ४७५ च्या ऑक्टोबरातली. त्याच सुमाराला गुरू सूर्यातून बाहेर पडून उगवला होता. १६३ ची सनद चैत्र शुद्ध द्वितीयेची, ४८२ च्या मार्चमधली. आकड्यांत सात वर्षे दिसतात, पण कार्तिक ते चैत्र मोजले तर मधला काळ साडेसहा वर्षांहूनही थोडा कमी. दर तेरा महिन्यांना एक या हिशेबाने एवढ्या काळात पुढचे पाच उदय बसतात. सहावा सनदेच्या तारखेनंतर जातो. वैशाखापासून पाच घरे: ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. तांब्यावर जे कोरले आहे तेच. १६३ हा आकडा बरोबर होता. चूक होती ती 'दर वर्षी एक नाव' या देखण्या नियमाची, आणि उरलेल्या तीन लेखांनी त्याला दिलेला दुजोरा हा केवळ आकड्यांचा योगायोग होता.

पहिल्या सनदेत आणखी एक बारकावा आहे, तो गाळवत नाही. राशिचक्राचे सत्तावीस समान भाग केले तर ४७५ च्या ऑक्टोबरातला गुरू स्वातीत येतो. स्वाती चैत्राच्या गटातली. मग नाव महाचैत्र व्हायला हवे होते. पण गर्ग या प्राचीन ज्योतिषाचार्याच्या पद्धतीत नक्षत्रे समान नसतात. स्वातीला निम्मा भाग आणि विशाखेला दीडपट. त्या वाटणीने तोच गुरू विशाखेत जातो आणि नाव येते महावैशाख. म्हणजे हस्तीच्या ज्योतिष्याच्या डोक्यात नक्षत्रांची कोणती वाटणी होती, हेही उत्तरावरून मागे जाऊन सांगता येते. पंधराशे वर्षांपूर्वीच्या एका अनाम माणसाच्या विचारात इतके आत शिरता यावे, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

बनवासीच्या कदंबांचेही लेख आहेत. राजा मृगेशवर्म्याच्या राज्याच्या तिसऱ्या वर्षी पौष संवत्सर, आठव्या वर्षी वैशाख. 'दर वर्षी एक' म्हटले तर पाच वर्षांत पौषावरून ज्येष्ठाला जायला हवे. लेख वैशाखावर थांबतो, चार घरांवर. उदयाच्या नियमात पाच वर्षांत चार किंवा पाच उदय होतात, तेव्हा हा लेखही सुखाने बसतो. परिव्राजकांच्या सनदांवरून बांधलेला नियम दूर दक्षिणेतल्या, वेगळ्या घराण्याच्या लेखावरही उभा राहतो. अशा परक्या ठिकाणी टिकणे हीच नियमाची खरी परीक्षा.

'गुरूचे द्वादशसंवत्सरचक्र' हा दीक्षितांचा लेख १८८८ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त आला, आणि त्याच वर्षी फ्लीट यांच्या गुप्तलेखांच्या खंडाला परिशिष्ट म्हणून जोडला गेला.

उत्तरांवरून मागे जाऊन नियम शोधण्याच्या या कामाला आजच्या संगणकशास्त्रात एक अख्खी शाखा वाहिलेली आहे. मशीन लर्निंगचे मॉडेल हजारो उदाहरणांवरून शिकते आणि उत्तरे देते: या अर्जदाराला कर्ज द्यावे, या रुग्णाला धोका आहे. आतमध्ये असतात केवळ आकडे, हजारो, आता तर अब्जावधी. एकाही आकड्याला स्वतःचा असा अर्थ नाही. म्हणून त्याला ब्लॅक बॉक्स म्हणतात. हस्तीच्या दरबारातला ज्योतिषी आपल्यासाठी तसाच होता. त्याला काय विचारले गेले ते माहीत आहे, त्याने काय उत्तर दिले ते माहीत आहे, मधले काही दिसत नाही.

आणि ज्योतिष्याला तरी ते दिसत होते का? १८२५ मध्ये मद्रासला जॉन वॉरन यांचा 'कालसंकलित' हा ग्रंथ छापला गेला. त्यात पाँडिचेरीकडच्या एका तमिळ पंचांगकर्त्याची हकिकत आहे. जमिनीवर कवड्या मांडून आणि पाठ केलेल्या कोष्टकांच्या बळावर त्याने वॉरन यांच्यासमोर त्या वर्षीच्या चंद्रग्रहणाचे गणित केले. कागदावर एक आकडा लिहिला नाही. ग्रहणाचा स्पर्श चार मिनिटांच्या फरकाने बरोबर आला, मध्य २३ मिनिटांनी चुकला, मोक्ष ५२ मिनिटांनी. या प्रत्येक पायरीमागची उपपत्ती त्याला येत नव्हती, आणि तिची त्याला गरजही नव्हती. पिढ्यांमागून पिढ्या उत्तर देण्याची क्रिया हस्तांतरित होत होती, कारण वाटेत कुठेतरी गळून गेले होते.

कोकणात याच्या उलट दिशेचे एक उदाहरण आहे आणि ते दीक्षितांना तोंडपाठ असणार. नांदगाव, मुरूड-जंजिऱ्याजवळचे, आज रायगड जिल्ह्यात येते. दीक्षितांच्या मुरूडाहून हे मुरूड वेगळे. तिथल्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' रचला. सिद्धांतग्रंथांतल्या ग्रहगणिताला 'ज्या' (साइन) आणि चाप लागतात, त्यांची कोष्टके लागतात, अहर्गण म्हणजे आरंभापासून मोजलेले कोटी कोटी दिवस लागतात. गणेशाने सगळ्या ग्रंथात ज्या-चापाला फाटा दिला. अकरा वर्षांचे, ४,०१६ दिवसांचे एक चक्र धरून अहर्गणाचा आकडा लहान केला. सूर्याच्या मंदफलासाठी, म्हणजे त्याच्या सरासरी जागेत करायच्या दुरुस्तीसाठी, त्याने दिलेली रीत पाहा. केंद्राच्या अंशांना ९ ने भागा. आलेली संख्या २० तून वजा करा आणि त्या बाकीला त्याच संख्येने गुणा. हा गुणाकार एकीकडे ठेवा. त्याचा नववा हिस्सा ५७ तून वजा करा, आणि उरलेल्याने त्या गुणाकाराला भागा. झाले.

केंद्र ९० अंश असताना हे करून पाहिले तर २ अंश १० कला ४५ विकला येतात. सूर्याचे परमफल ते एवढेच. ३० अंशांना केले तर येतात १ अंश ५ कला ३५ विकला, आणि ज्या वापरून केलेल्या हिशेबापेक्षा फरक पडतो बारा-तेरा विकलांचा. विकला म्हणजे अंशाचा तीन हजार सहाशेवा भाग. मोठे, अवघड गणित जे उत्तर देते त्याच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा, पण पाटीवर करता येणारा दुसरा नियम गणेशाने बाजूला उभा केला. आज मशीन लर्निंगवाले नेमके हेच करू पाहतात. अवघड मॉडेलच्या शेजारी एक साधे मॉडेल ठेवायचे, आणि ते मूळ मॉडेलची उत्तरे किती टक्के वेळा बरोबर देते ते मोजायचे.

ग्रहलाघव दीक्षितांच्या काळापर्यंत महाराष्ट्रातल्या पंचांगांचा आधार राहिला. साडेतीनशे वर्षांत आकाश मात्र त्याच्या उत्तरांपासून हळूहळू सरकले होते, आणि ग्रहलाघव अजूनही आपल्या मूळ गणिताशी इमानाने जुळत होता. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

१९८६ साली रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी न्यूरल नेटवर्कला शिकवण्याची रीत लोकप्रिय केली, आणि दोनच वर्षांत, म्हणजे दीक्षितांच्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी, स्टीफन गॅलंट यांनी अशा जाळ्याकडून 'जर-तर'चे नियम काढून घेण्याचा प्रयत्न मांडला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जॉफ्री टॉवेल आणि ज्यूड शॅव्हलिक यांनी १९९३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. जाळ्याच्या आतल्या आकड्यांचे गट पाडून त्यांनी 'या पाचांपैकी निदान तीन अटी पुऱ्या झाल्या तर' अशा धर्तीचे नियम बाहेर काढले. ते जिवाणूंच्या डीएनएवर वापरले गेले. त्यानंतर मार्क क्रेव्हन आणि शॅव्हलिक यांनी जाळे उघडणेच सोडून दिले. त्यांच्या 'ट्रेपन' या पद्धतीत जाळ्याला प्रश्नामागून प्रश्न विचारायचे, उत्तरे टिपायची आणि त्यांवरून निर्णयाचा वृक्ष रचायचा. आत न पाहता, निव्वळ प्रश्न आणि उत्तरांवरून.

ट्रेपनला एक सोय होती जी दीक्षितांना नव्हती. जाळ्याला हवा तो प्रश्न हव्या तितक्या वेळा विचारता येतो. परिव्राजकांचे ज्योतिषी चार उत्तरे देऊन गेलेले. म्हणून दीक्षितांना नियम हवेतून रचता येईना. तो जुन्या ग्रंथांत कुठेतरी दिलेला, कुणीतरी मानलेला असाच असायला हवा होता, आणि मग तो लेखांवर घासून पाहायचा. थोड्या उत्तरांवर कितीही नियम बसवता येतात. 'दर वर्षी एक' हा तीनांवर बसलाच होता.

या शास्त्रात नियमाची किंमत ठरवताना दोन वेगळे प्रश्न विचारतात. काढलेला नियम मॉडेलशी किती इमानी आहे? आणि तो खऱ्या जगाबद्दल किती बरोबर आहे? १९९० च्या दशकात पिट्सबर्गला न्यूमोनियाच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हे दोन प्रश्न एकमेकांसमोर उभे राहिले. ७८ रुग्णालयांतल्या सुमारे १४,००० रुग्णांच्या नोंदी होत्या. कुणाच्या जिवाला जास्त धोका आहे आणि कुणाला घरी पाठवता येईल, हे आधी सांगायचे होते. अनेक पद्धतींत न्यूरल नेटवर्कची उत्तरे सर्वांत अचूक निघाली. पण त्याच नोंदींवर शिकवलेल्या, नियम उघड सांगणाऱ्या एका साध्या पद्धतीने एक चमत्कारिक नियम दाखवला: दमा असलेल्या रुग्णाला न्यूमोनियात मृत्यूचा धोका कमी.

नोंदींपुरता नियम खरा होता. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवत, आणि तिथल्या उपचारांमुळे तो वाचे. मॉडेलला दिसले एवढेच की दमेकरी कमी मरतात. त्याच्या शब्दावर विसंबून दमेकऱ्याला घरी पाठवले असते तर? न्यूरल नेटवर्कने हाच धडा घेतला असणार, पण ते तो बोलून दाखवत नव्हते. रिच कारुआना तेव्हा त्या कामात होते. सर्वांत अचूक असूनही ते जाळे रुग्णांसाठी वापरले गेले नाही. दमा पकडला गेला, न दिसलेल्या आणखी किती गोष्टी आत असतील, ही भीती त्यामागे होती. २०१५ मध्ये कारुआना आणि सहकाऱ्यांनी वाचता येणाऱ्या मॉडेलवरचा निबंध लिहिला, तेव्हा ही जुनी घटना त्यांनी पुन्हा सांगितली.

इमान आणि सत्य यांतला हा भेद दीक्षितांना पक्का कळलेला होता. त्यांच्या पुढच्या दोन कामांतून तो दिसतो, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण इथे आहे. पहिले काम रॉबर्ट सुएल यांच्यासोबतचे, १८९६ मध्ये लंडनला निघालेले 'द इंडियन कॅलेंडर'. इसवी सन ३०० ते १९०० पर्यंतच्या हिंदू आणि मुसलमानी तारखा इंग्रजी तारखांत आणण्याची कोष्टके. व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्राम यांनी त्यात भारतात दिसलेल्या ग्रहणांची भर घातली. शिलालेख वाचणाऱ्यांइतकेच ते कोर्टकचेऱ्यांसाठी होते, कारण गहाणखतावर आणि वाटणीपत्रावर मिती असे आणि न्यायाधीशाला तारीख हवी असे. ही कोष्टके दीक्षितांनी सूर्यसिद्धांतासारख्या जुन्या ग्रंथांच्या मानांवर रचली. आधुनिक वेधांवर नाही. युरोपीय गणिताने चंद्र अधिक अचूक मिळाला असता, पण ज्या जोशीबुवांनी खतावर मिती घातली त्यांच्याकडे ते गणित नव्हते. त्यांची तिथी आकाशातल्या चंद्रापेक्षा काही घटका इकडेतिकडे असेल, तर कोष्टकानेही तेवढेच इकडेतिकडे असायला हवे. इथे जोशीबुवांशी इमान राखणे हेच काम होते, त्यांच्या चुकीसकट.

दुसरे काम याच्या अगदी विरुद्ध. १८८० च्या दशकापासून विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित सायन पंचांग काढत होते. त्यांचे म्हणणे असे की ऋतू ज्या संपातावर, म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूवर, चालतात तिथून वर्ष मोजावे, नाहीतर सण हळूहळू आपापल्या ऋतूंतून निसटतात. इथे दीक्षितांना जुन्या पंचांगाशी जुळवून घ्यायचे नव्हते. आकाशाशी घ्यायचे होते. केरूनाना छत्र्यांनी त्याआधीच, १८६५ पासून, पटवर्धनी पंचांगात युरोपीय कोष्टकांवरून काढलेले ग्रह दिले होते, पण ते पंचांग निरयन होते, म्हणजे संपाताऐवजी स्थिर ताऱ्यांपासून मोजणारे. या पक्षांमधला वाद महाराष्ट्रात कडवट झाला. दीक्षित आपल्या बाजूबद्दल ठाम राहिले, आणि तरीही 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या १८९६ च्या ग्रंथात त्यांनी ग्रहलाघवाची, सूर्यसिद्धांताची, पटवर्धनी पंचांगाची रीत प्रत्येकाच्या आतून, त्याच्या त्याच्या आकड्यांनी समजावून दिली. मराठीत लिहिलेला हा ग्रंथ वाचण्यासाठी परप्रांतीय आणि परदेशी अभ्यासकांना मराठीशी झटावे लागले.

१८९५ मध्ये त्यांनी असाच आणखी एक शोध मांडला होता. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे विधान आहे. दीक्षितांनी ते पाहिलेल्या गोष्टीची नोंद म्हणून घेतले आणि विचारले, कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवायला त्या विषुववृत्तावर असायला हव्यात, तशा त्या कधी होत्या? उत्तर आले इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचे. टिळकांचा 'ओरायन' त्याच्या दोनच वर्षे आधीचा. विधान त्या काळी प्रत्यक्ष पाहून केलेले होते की परंपरेने चालत आलेले, यावर आजही मतभेद आहेत, आणि मला ते रास्त वाटतात: इथे उत्तर एकच होते, ताडून पाहायला दुसरे काही नव्हते.

'द इंडियन कॅलेंडर' आणि 'भारतीय ज्योतिषशास्त्र' एकाच वर्षी निघाले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, दीक्षित गेले. पंचेचाळिशीही पुरी झाली नव्हती. त्यांच्या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग भारत सरकारने १९६९ मध्ये काढला, भाषांतर र. वि. वैद्य यांचे. त्याआधी १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली होती. तिच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ पासून देशाचे राष्ट्रीय सौर कॅलेंडर सुरू झाले, संपातापासून मोजलेले, सायन. धार्मिक पंचांगासाठी मात्र समितीने निरयन गणना ठेवली आणि तिच्यासाठी २३ अंश १५ कला हा अयनांश, म्हणजे सायन आणि निरयन आरंभांतले अंतर, ठरवून दिला. आपले सण अजून त्याच बाजूच्या गणिताने येतात.